साहेबासाठी आणलेली बाटली

माझी पोरगी अंगणवाडीतनं घरी आली, पिशवी टाकली आन् म्हणाली मम्मी पाणी, आन् मी तांब्या घिऊन वळतोय तवर ती चुलीम्होरं उकिडवी बसलेली. दोन्ही हाताची ओंजळ करून तोंडाला लावलेली, मान खाली, वाट बघत. मला वाटलं खेळ करतीया. मी हसलो. हसत हसत वरनं धार धरली आन् ती घटाघटा प्याली, थेंब सांडू दिला न्हाई, इतकी सवय झालती तिला. मी हसलो हुतो हे मला अजून झोपू देत न्हाई. आई म्हटल्यावर तितंच कळाय पायजे हुतं.

बाई असून हसलो, गेलो, आलो असंच मी लिवणार, आमच्याकडं बायका असंच बोलत्यात. शाळा आठवीपातूर झाली, मग लगीन. मुरगूडच्या अलीकडं आमचं गाव. मालक, म्हंजे पोरीचं पप्पा, उसाच्या सीझनला बिद्रीकडं साखर कारखान्यावर जात्यात, सीझन सपला की गवंड्याच्या हाताखाली. घरात मी, पोरगी आन् आत्या, म्हंजे माझी सासू. आम्ही खालच्या आळीतली. जात लिवत न्हाई, गावात खालची आळी म्हटलं की म्होरचं कोण इचारत न्हाई.

मी पोरीला इचारलं, असं का पितीस गं. ती म्हणाली, बाई अशीच देत्यात. समद्यास्नी का, म्हटलं. तर न्हाय म्हणाली, आमास्नी. आमी म्हंजे कोण त्ये तिला सांगता येईना, मग तिनं बोटं मुडपत नावं घेतली, तर समदी आमच्याच आळीतली पोरं. चार वर्साच्या पोरीला आमी कोण त्ये असं कळालतं, पाणी पिताना.

दुसऱ्या दिवशी खिचडीच्या येळंला मी अंगणवाडीच्या दाराआड जाऊन उभा राहिलो. वरच्या आळीतली पोरं पिंपाचा नळ सोडून स्टीलच्या ग्लासानं पाणी पीत हुती, एकाचा ग्लास दुसऱ्याला, मधी धुवायचं बी न्हाई. आमची पोरं भितीकडंला वळीनं उकिडवी, आन् बाई तांब्यानं वरनं वततीया. वरडून न्हाय, हिडीसफिडीस करून न्हाय. मायेनंच. एका पोराच्या नाकात पाणी गेलं तर पदरानं पुसलं बी तिनं. त्येच्यामुळंच माझ्या रागाला जागाच घावंना. सगळी पोरं गेल्यावर मी जवळ गेलो आन् हळूच इचारलं, बाई, आमच्या पोरांस्नी ग्लास का देत न्हाईसा.

बाई म्हणाली, "ग्लास कमी हायत गं." मग पिंपाचं झाकण लावत म्हणाली, "आन् तुमच्यात असंच पित्यात न्हवं? तुज्या आत्यांनी माज्या दारात कधी ग्लास मागितलाय? ओंजळच धरत्यात."

खरंच हुतं. मी मान हलवून घरी आलो. मान हलवली, हे बी माझंच.

मालकांस्नी सांगितलं तर त्ये म्हणालं, गप बस, गवंडी वरच्या आळीचा हाय, उद्या कामावर घेणार न्हाई. मी गप बसलो. पर बचत गटाच्या मिटिंगला तालुक्यातनं एक ताई येत हुत्या, त्येनी बोलता बोलता सांगितलं की जात बघून पोरांत असं केलं तर कायद्यानं गुन्हा हाय, सरकारकडं तक्रार करता येतीय, आन् सरकारला चौकशी करावीच लागतीय. समद्या बायका उठून गेल्यावर मी त्येंच्यापाशी घुटमळलो, आन् बोलायच्या आधी रडाय लागलो. त्येनीच अर्ज लिवला, मी सही केली.

मग पाऊसकाळ गेला. ऊस तुटाय लागला. कोण आलं न्हाई. रोज पोरगी अंगणवाडीत जायाची आन् रोज मी मनात म्हणायचो, आज तिला घरीच ठिवू या, पर खिचडी मिळतीय, गाणी शिकतीय, आन् मला बी मजुरीला जाया मिळतंय. मी पाठवत ऱ्हायलो. म्हंजे तिला तितं उकिडवी बसवाय रोज मीच सोडून येत हुतो, केस विंचरून, पावडर लावून.

एक दिवस पंचायतीचा शिपाई दारात येऊन म्हणाला, दुपारी तालुक्याचं साहेब येणार चौकशीला, घरातच ऱ्हावा. मी झाडलं, पुसलं, शेजारनं प्लास्टिकची खुर्ची आणली, तिच्यावर नवा टॉवेल टाकला. आत्या म्हणाल्या, "पळ, थंड घिऊन ये."

आता ह्ये थंडाचं सांगाय पायजे. आमच्या घरात वरच्या आळीचं न्हाईतर हापिसातलं कोण आलं की चहा ठिवत न्हाईत. दुकानातनं थंडाची बाटली आणायची, सील न मोडलेली, आन् पावण्याच्या डोळ्याम्होरं झाकण फोडायचं. म्हंजे त्येला दिसतंय की आत आमचा हात लागला न्हाई. आत्यांच्या सासूच्या काळात सोडा आणायचे म्हणं, बाटलीची गोटी दाबून म्होरं धरायचा. मी लगीन करून आलो तवा पयल्या म्हयन्यातच आत्यांनी मला ह्ये शिकवलं, भाकरी कशी थापायची त्ये शिकवलं तसंच. मला त्येच्यात कधी वंगाळ वाटलं न्हाई. मान वाटला.

पोरीला काखंत मारून मी दुकानापातूर पळालो. दुकानदारानं इचारलं, कोण पावणं आल्यात गं. मी म्हटलं, साहेब. लई ऐटीत म्हटलं.

साहेब एकटं आलं न्हाई. संगट पंचायतीतलं एक मोठं माणूस, आन् मागनं अंगणवाडीची बाई. जिचं सांगायचं तीच म्होरं उभी. साहेब टॉवेलावर बसलं, मी झाकण फोडलं, बाटली पुसून हातात दिली. त्येनी घोट घेतला आन् इचारलं, "घरात चहा करत नाही का तुम्ही?"

"करतोय की साहेब."

"मग ही कशाला आणली?"

मी हात जोडलं, आन् लाजत म्हणालो, "तुमास्नी आमच्या घरचा चहा कसा द्यायचा साहेब."

साहेबांनी पंचायतीतल्या माणसाकडं बघितलं, त्येनी साहेबांकडं बघितलं आन् दोघंबी हसली. मला वाटलं मी रीतीचं बोललो.

मग त्येनी इचारलं की बाईंचा काय त्रास हाय. बाई माझ्या उंबऱ्यापाशीच हुती, आन् माझीच पोरगी तिच्या पदराशी खेळत हुती. मी म्हणालो, पाणी वरनं देत्यात. साहेब म्हणालं, ग्लास कमी आहेत असं त्या सांगतात, खरं का. मी बाईच्या तोंडाकडं बघितलं. तिच्या डोळ्यात पाणी आलतं. मी म्हणालो, व्हय, असतील कमी. बाटली सपली आन् चौकशी बी सपली. अंगणवाडी आमच्या घरापासनं हाकंच्या अंतरावर, तितं त्येनी पाऊल टाकलं न्हाई. दुसऱ्या कुठल्या आईला हाक मारली न्हाई. मला बी त्ये तवा सुचलं न्हाई, मी तर त्येंची चप्पल सरळ करून ठिवत हुतो. तळाला उरलेलं पोरीनं प्यालं. बाटलीला तोंड लावाय मिळालं म्हणून ती नाचली.

त्येच्यानंतर परत म्हयनं गेलं. पोरगी अजून ओंजळीनंच पीत हुती. शेवटाला मी मुरगूडला जातो म्हणून सांगून तालुक्याच्या हापिसात गेलो. खिडकीतल्या क्लार्कानं कम्प्युटरात बघितलं आन् म्हणाला, "वैनी, तुमची तक्रार बंद झाली की."

मी म्हटलं, कशानं.

तो वाचून मग आपल्या भाषेत सांगाय लागला, की साहेबांनी डोळ्यांनी बघितलंय, तक्रार करणारीच्या घरातच येगळं पाळत्यात. गावची रीत हाय, दोन्ही बाजूनं खुशीनं पाळत्यात, जबरदस्ती कुणाची न्हाई. आन् ग्लास कमी हायत ह्ये तुमीच मान्य केलंय. मग चष्मा वर करून म्हणाला, "घरात बाटली आन् हापिसात अर्ज. काय त्ये एक ठरवा की वैनी."

मागं रांगंतलं कोणतरी हसलं. मी बाहीर आलो, स्टँडवर बसलो, एक गाडी सोडली, दुसरी बी सोडली. माझ्या डोक्यात एकच, की ह्ये माझ्या एकटीच्या पोरीचं नव्हतं. आळीतल्या समद्या पोरांचं हुतं. कुणाच्याच आईनं सही केलती न्हाई, त्या समद्या म्हणत हुत्या तू कर, आमी मागं हाय. आन् मी काय केलं, तर पळत जाऊन बाटली आणली. ज्या गोष्टीची तक्रार केली तीच गोष्ट साहेबाच्या हातात दिली, पुसून.

घरी आल्यावर मी कुणाला सांगणार नव्हतो. पर आत्या तांदूळ निवडत बसल्या हुत्या, त्येनी वर न बघताच इचारलं, बंद केलं न्हवं? आन् मी दारातच बसलो आन् समदं सांगून टाकलं, क्लार्काचं बोलणं बी. आत्या लई येळ खडं बाजूला काढत ऱ्हायल्या.

"माज्यावर घाल," त्या म्हणाल्या. "सांग, म्हातारीनं आणाय लावली. म्हातारीला काय फाशी देत्यात व्हय."

मी म्हटलं, तसं न्हाय आत्या, मी बी न्हाय म्हटलं न्हाई.

"न्हाय कशी म्हणशील. मीच शिकवलं, मला माज्या सासूनं." मग त्येनी सूप खाली ठिवलं. "आगं, चहा म्होरं ठिवला आन् पावणं नगं म्हणालं, तर घरात त्ये किती दीस डाचतंय, तुला ठावं न्हाई. मी बघितलंय. तुजा सासरा त्यो भरलेला कप घिऊन घरामागं परड्यात गेलता. म्हणून बाटली. त्येनी नगं म्हणायच्या आधी आपणच द्यायची, म्हंजे ऐकाय लागत न्हाई."

मी इतकी वर्सं ह्या घरात हाय, ह्ये मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. मला मान वाटत हुता, आन् त्ये भ्या हुतं. आन् साहेबांनी त्येला खुशी म्हणून लिवलं.

बचत गटाच्या ताईस्नी मी फोन केला. मला वाटलं त्या रागावतील, तरी बाटलीचं समदं सांगितलं. त्येनी इचारलं, साहेब अंगणवाडीत गेले होते का. न्हाय म्हटलं. जबाब घेताना बाई समोर होती का. व्हय म्हटलं. त्या म्हणाल्या, मग आता तक्रार बाईची न्हाई, साहेबांनी चौकशी कशी केली त्येची करायची, कोल्हापूरला, जिल्ह्याच्या हापिसात. साहेबाची तक्रार. माझ्या घरात बसून प्यालेल्या माणसाची.

ताईंनी दुसरा अर्ज लिवला, मी सही केली, आन् काय दिवसांनी सुनावणीची तारीख आली. मालक म्हणालं, जायचं तर जा, माझं नाव मधी घिऊ नको. आन् सुनावणीच्या दिवशी सकाळी स्वतःच फटफटी काढून मला आन् पोरीला मुरगूडच्या स्टँडवर सोडलं, आन् एस्टी हलंपातूर तितंच उभं ऱ्हायलं.

कोल्हापूरचं हापिस मोठं, जिना चढून माझा दम गेला, त्यात पोरगी कडंवर. बाकड्यावर पयल्यांदा कोण दिसलं तर तेच साहेब. त्येनी मला वळखलं, हसलं, आन् म्हणालं, काय ताई, एवढ्या लांब लेकराला घेऊन कशाला आलात. पोरीच्या गालाला हात लावला. त्येंच्या डब्याची पिशवी मांडीवर हुती, कुणीतरी घरनं बांधून दिलेली. मला वाटलं परत जावं. ह्या माणसाची नोकरी गेली तर त्येंच्या घरात काय हुईल. मी खरंच उठलो हुतो. तेवढ्यात आतनं नाव पुकारलं.

आत एक मॅडम हुत्या. माया करणाऱ्या नव्हत्या, आधी मलाच म्हणाल्या, इतक्या उशिरा का आलात. मग साहेबांस्नी बोलाय सांगितलं. साहेबांनी बाटलीचंच सांगितलं, चांगलं, सविस्तर, मी हात जोडलेलं बी सांगितलं. एक अक्षर खोटं न्हवतं. मॅडमनी माझ्याकडं बघितलं आन् इचारलं, "हे खरं आहे?"

ताईनी मला काय काय बोलायचं त्ये शिकवलं हुतं. समदं इसरलो. मी म्हणालो, "खरं हाय मॅडम. बाटली मीच आणली, मीच फोडली, चूक माझीच हाय. पर मी साहेबास्नी माझं घर बघाय बोलीवलं नव्हतं. पोरगी पाणी कशी पितीया त्ये बघाय बोलीवलतं. त्ये त्येनी बघितलंच न्हाई. आमी भ्यानं बाटली देतोय, खुशीनं न्हाय. पोरीला तर भ्या काय त्येबी ठावं न्हाई, ती नुसती बसतीया."

तेवढ्यात पोरगी माझा पदर ओढून म्हणाली, मम्मी पाणी. मॅडमच्या टेबलावर बाटली आन् काचंचा ग्लास हुता. मॅडमनी ग्लास भरला आन् टेबलावरनं आमच्याकडं सरकवला. पोरीनं ग्लासाला हात लावला न्हाई. ती खाली उकिडवी बसली, फरशीवर, आन् ओंजळ तोंडाला लावून मॅडमकडं बघाय लागली.

मी तिला उचलाय वाकलो पर मला उचलताच येईना. साहेब आपल्या पिशवीच्या बंदाकडं बघत हुतं. मॅडमनी साहेबांस्नी एवढंच इचारलं, अंगणवाडीत गेला होता का. साहेब कायतरी पुटपुटलं. मॅडमनी परत इचारलं, हो की नाही. न्हाय म्हणालं त्ये, लई बारीक आवाजात.

पोरीला दाखवायला म्हणून मी आणलं नव्हतं, आत्या त्या दिवशी मजुरीला गेलत्या, घरात ठिवाय कोण नव्हतं म्हणून आणलं. पर माझं जे काम झालं त्ये तिच्या उकिडवं बसण्यानं झालं, आन् त्ये मला गिळता बी येत न्हाई.

चौकशी परत करायची असं मॅडमनी सांगितलं, दुसऱ्या माणसानं, आधी न सांगता जाऊन. साहेबांचं म्होरं काय झालं मला कुणी कळवलं न्हाई. मी इचारलं बी न्हाई, भ्यालो.

चौकशीला नवीन आलेल्या साहेब बाईमाणूस हुत्या. कुणाला न सांगता खिचडीच्या येळंला थेट अंगणवाडीत जाऊन दारात उभ्या ऱ्हायल्या, मी उभा राहिलतो तितंच. मग आळीतल्या एकेका आईला येगळं बसवून इचारलं. म्होरच्या आठवड्यात अंगणवाडीत नवं ग्लास आलं, समद्यास्नी एकसारखं, आन् बाईला नोटीस गेली. बाई मला गिरणीत भेटती. बोलत न्हाई. दळण घिऊन माझ्या आधी निघून जाती. मला तिच्या पदराची आठवण येती, पोराचं नाक पुसलेल्या, आन् मी मान खाली घालतो.

चौकशीच्या दिवशी त्या नवीन मॅडम शेवटाला आमच्या घरी आल्या, माझा जबाब घ्यायला. त्या दारात दिसल्या तशी पोरगी उठली आन् दुकानाकडं पळाय लागली. मी म्हटलं, कुटं गं. ती म्हणाली, "पावणं आलं, बाटली आणतो की."

मी तिला धरून आणलं. आत्या पैशासाठी कनवटीला हात घालत हुत्या, त्येनी माझ्याकडं बघितलं आन् हात काढून घेतला. मी चहा ठिवला. ठेचताना आलं कमी आन् बोट जास्त ठेचलं. साखर किती घातली मला ठावं न्हाई. आमचा रोजचा कप, कान न तुटलेला एकच हुता, त्यो मॅडमच्या म्होरं ठिवला आन् मी भितीला टेकून उभा राहिलो. आत्या परड्यात जाऊन बसल्या. त्येस्नी बघायचं नव्हतं.

मॅडम लिवत लिवत प्याल्या. अर्धा प्याल्या. अर्धा ठिवला. गोड झाला असंल, न्हाईतर घाई असंल. मी त्येच्यावर लई इचार केला, अजून करतो.

त्या गेल्यावर आत्या आत आल्या, कपात डोकावल्या, आन् कप धुऊन फळीवर वरच्या अंगाला ठिवाय लागल्या. म्हणाल्या, ह्यो आता साहेबलोकांचा, येगळा ठिवू या.

मी त्येंच्या हातातनं कप घेतला. रांजणात बुडवून भरला आन् पोरीच्या म्होरं धरला. ती आधी खाली बसाय लागली, मी तिचं दंड धरून तिला उभी केली. तिनं कपाकडं बघितलं, मग आत्यांकडं, मग माझ्याकडं, जसं कायतरी इचारायचंय.

"धर की," मी म्हणालो.

तिनं दोन्ही हातांनी धरला. निम्मं पाणी झग्यावर सांडलं.